उत्तर इंग्लंडच्या पबमधला वेटर कुठून आला आणि कुठे गेला

इंग्लंडला पहिल्यांदा जाणाऱ्याला पबविषयी हमखास दिला जाणारा सल्ला असा असतो की, टेबलाशी बसून वाट पाहू नका, तुम्हाला काय हवे ते विचारायला कोणी येणार नाही. उठून काउंटरवर जा, तिथेच पैसे द्या आणि आपला ग्लास आपणच घेऊन या. आजच्या पबविषयी हा सल्ला अगदी योग्य आहे. परंतु लँकेशायर आणि यॉर्कशायरमधली वयस्कर माणसे १९३० ते १९६० च्या दशकांतल्या पबच्या आठवणी सांगू लागली, की त्या आठवणींत एक माणूस पुन्हा पुन्हा येतो : पांढरे जाकीट घातलेला, गच्च भरलेला ट्रे खांद्याच्या उंचीवर धरून गर्दीतून वाट काढणारा आणि दहा जणांनी सांगितलेली पेये काहीही लिहून न घेता लक्षात ठेवणारा वेटर. काउंटरवर जाऊन घेण्याची रीत इतकी रुजलेल्या देशात हा वेटर आला कुठून आणि दोन-तीन दशकांत तो दिसेनासा का झाला, हे समजून घ्यायचे तर आधी पबच्या इमारतीकडे पाहावे लागते. माझ्या मते तो वेटर तिथे होता याचे मुख्य कारण त्या इमारतीतल्या भिंती हे होते. भिंती होत्या तोवर तो राहिला आणि भिंती पडल्या तसा तोही गेला.

ज्या प्रदेशाविषयी आपण बोलत आहोत तो मराठी वाचकाला वाटतो तितका अनोळखी नाही. मुंबईच्या गिरण्यांची ज्यांच्याशी दीर्घ काळ स्पर्धा चालली, त्या कापडगिरण्यांचा हा मुलूख. बोल्टन, ब्लॅकबर्न, ओल्डम, नेल्सन ही गिरण्यांचीच गावे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात सांगलीचे क्रिकेटपटू विजय हजारे याच मुलखातल्या रॉटेन्स्टॉल या गावाच्या संघाकडून आणि मुंबईचे सुभाष गुप्ते रिश्टनकडून व्यावसायिक खेळाडू म्हणून लँकेशायर लीगमध्ये खेळले. शनिवारी दुपारी त्यांचा खेळ पाहणाऱ्या प्रेक्षकांतले कितीतरी गिरणीकामगार त्याच संध्याकाळी आपापल्या पबमध्ये जाऊन बसत असणार.

या गावांच्या जीवनात पबचे स्थान किती मोठे होते, याची एक विश्वासार्ह नोंद आपल्याकडे आहे. १९३७ साली टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज आणि हम्फ्री जेनिंग्ज यांनी सामान्य ब्रिटिश माणसाच्या रोजच्या जगण्याचा अभ्यास करण्यासाठी ‘मास ऑब्झर्वेशन’ ही संस्था सुरू केली आणि हॅरिसन यांनी त्यासाठी बोल्टन हे गाव निवडले. पावणेदोन लाखांच्या आसपास वस्तीच्या या गावात सुमारे तीनशे पब होते. निरीक्षक वहीपेन्सिल घेऊन या पबमध्ये महिनोन्‌महिने बसले; कोण कुठल्या खोलीत जातो, काय पितो, किती वेळात पितो, कुणाशी काय बोलतो, याच्या त्यांनी नोंदी केल्या. त्यांचा निष्कर्ष असा होता की, घर आणि कामाची जागा सोडली तर गावातले लोक इतर कुठल्याही इमारतीत घालवत नसतील इतका वेळ पबमध्ये घालवतात. त्यांनी आणखी एक बारकावा टिपला. एका गटात बसलेल्या माणसांच्या ग्लासांतली बिअर जवळजवळ एकाच पातळीने उतरत जाते आणि सगळे ग्लास साधारण एकाच वेळी रिकामे होतात. याचे कारण पाळीची रीत. चार मित्र बसले की प्रत्येक जण आळीपाळीने सर्वांसाठी पेये मागवतो आणि ज्याची पाळी असेल त्याला इतरांच्या आधी किंवा फार नंतर ग्लास संपवणे संकोचाचे वाटते. वेटरच्या कामाशी या रीतीचा थेट संबंध होता, कारण त्याच्याकडे येणारी मागणी एकेकट्या माणसाची क्वचितच असे. ती बहुतेक वेळा पूर्ण टेबलाची असे आणि सगळी टेबले साधारण एकाच वेळी रिकामी होत.

आता इमारतीविषयी. इंग्रजीत पबचे पूर्ण नाव ‘पब्लिक हाउस’ आहे आणि सुरुवातीला ते खरोखरच घर असे. माणसे स्वयंपाकघरात किंवा पुढच्या खोलीत शेकोटीजवळ बसत आणि मालक, त्याची बायको किंवा एखादा पोऱ्या तळघरातल्या पिंपातून जगमध्ये बिअर भरून आणून देई. काउंटर ही त्यानंतरची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरांत जिन विकणारी झगमगीत दुकाने निघाली आणि तिथून काउंटर पबमध्ये शिरला. याच सुमारास, १८३० साली, सरकारने एक कायदा करून दोन गिनी फी भरणाऱ्या कुणाही करदात्या घरमालकाला बिअर विकण्याचा परवाना मिळण्याची सोय केली. जिनचे व्यसन कमी व्हावे आणि त्या जागी बिअर यावी, असा त्यामागचा विचार होता. त्यामुळे कामगारवस्त्यांतल्या साध्या चाळवजा घरांच्या पुढच्या खोल्यांत हजारो बिअरघरे उघडली. पुढे बिअर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी पब विकत घेऊन नव्याने बांधले, तेव्हाही उत्तरेत घराचा हा नकाशा मोडला नाही. लांबलचक काउंटरसमोर एकच मोठे दालन ठेवण्याऐवजी मधून एक बोळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-चार स्वतंत्र खोल्या, अशी रचना कायम राहिली.

या खोल्यांची उतरंड प्रत्येक स्थानिक माणसाला पाठ असे. रस्त्याकडच्या दाराला लागून असलेल्या खोलीला लँकेशायरमध्ये व्हॉल्ट म्हणत. तिथे काउंटर असे, जमीन उघडी किंवा भुसा टाकलेली, थुंकदाण्या ठेवलेल्या आणि बहुतेक माणसे उभ्यानेच पीत. कामावरून थेट आलेला, अंगावर कोळशाची किंवा कापसाची धूळ असलेला माणूस इथेच येई. शेजारच्या टॅप रूममध्ये बाके आणि टेबले असत; तिथे डॉमिनो, पत्ते आणि डार्ट्स चालत. या दोन्ही खोल्या पुरुषांच्या होत्या. बाई तिथे शिरली तर कोणताही कायदा मोडत नव्हता, परंतु ती सहसा शिरत नसे आणि शिरलीच तर तिला तसे जाणवून दिले जाई. आतल्या बाजूला बेस्ट रूम असे. गालिचा, मऊ आसने, आरसे, अनेकदा पियानो. शनिवारी रात्री कोट-टाय घालून, बायकोला बरोबर घेऊन माणूस या खोलीत बसे. सर्वांत लहान खोली म्हणजे स्नग. तिथे प्रामुख्याने वयस्कर बायका बाहेरून कुणाला दिसणार नाही अशा बेताने बसून आपला स्टाउट, म्हणजे काळी दाट बिअर, पीत. शिवाय घरी बिअर न्यायला आलेल्यांसाठी एक छोटी खिडकी वेगळी असे आणि तिच्यापाशी बिअरचा जग घेऊन बऱ्याचदा लहान मुले उभी असत.

इथेच वेटरची गरज निर्माण होते. काउंटर व्हॉल्टच्या बाजूला आणि ज्यांच्याकडून जास्त पैसे मिळायचे ती मंडळी मात्र बेस्ट रूममध्ये. आपल्या नीटनेटक्या कपड्यांनिशी उठून, बोळातली गर्दी ओलांडून, व्हॉल्टमधल्या माणसांच्या पाठीमागे उभे राहून पेये आणायची, हे बेस्ट रूममध्ये बसलेल्याला प्रशस्त वाटत नसे. बाईने तसे करणे तर त्या काळाच्या रीतीत बसतच नव्हते. म्हणून भिंतीत, आसनांच्या पाठीच्या वर, थोड्याथोड्या अंतरावर घंटीची बटणे बसवलेली असत. बटण दाबले की काउंटरच्या मागे घंटा वाजे आणि तिथल्या लाकडी चौकटीतल्या एका खिडकीत खूण दिसे, म्हणजे कोणत्या खोलीतून बोलावणे आले ते कळे. मग वेटर निघे. या सोयीची किंमतही होती. बोल्टनमध्ये पिंप तेच आणि बिअरही तीच, पण व्हॉल्टमधल्यापेक्षा आतल्या खोलीत पिंटमागे (पिंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे मोठे माप) साधारण एक पेनी जास्त पडे. ती पेनी गालिच्याची, शेकोटीची आणि त्या घंटीची. एका पिंटला पाच-सहा पेन्स पडत असताना एक पेनी म्हणजे काही थोडी रक्कम नव्हे. माणूस त्या संध्याकाळी स्वतःला कुठे बसवू इच्छितो, याचा तो भाव होता.

लीड्समधल्या ‘व्हाइटलॉक्स’ या पबची गोष्ट याच अंगाने पाहण्यासारखी आहे. १७१५ पासून परवाना असलेली ही जागा एका अरुंद बोळात आहे आणि तिथला रंगीत चिनीमातीच्या फरशांनी मढवलेला लांब काउंटर आजही पाहायला मिळतो. तिथे एके काळी बायकांना काउंटरशी उभे राहण्याची मुभा नव्हती, त्यामुळे त्यांचे खाणे-पिणे वेटर त्यांच्या जागेवर नेऊन देत. म्हणजे ज्याला आज आपण आदरातिथ्य म्हणू, त्याच्या मुळाशी एक मनाई होती. जुन्या वेटरांविषयी प्रेमाने बोलताना ही बाजू विसरली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

वेटरचे काम कसे चाले, हे फारसे कुठे नीट सांगितलेले आढळत नाही, म्हणून ते थोडे तपशिलाने सांगतो. यॉर्कशायरमध्ये त्याला ‘वेटर-ऑन’ म्हणत आणि बहुतेक ठिकाणी ही पूर्ण वेळची नोकरी नसे. पगार शुक्रवारी होई, त्यामुळे शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तीन रात्री खोल्या भरत आणि त्या रात्रींपुरता दिवसा खाणीत, गिरणीत किंवा रेल्वेत काम करणारा माणूस पांढरे जाकीट चढवून येई. अनेक पबांमध्ये आणि कामगारांच्या क्लबांमध्ये पद्धत अशी होती की, वेटरने स्वतःजवळच्या सुट्ट्या पैशांच्या भांडवलातून काउंटरवर पेये रोख विकत घ्यायची आणि मग ती टेबलावर देऊन गिऱ्हाइकाकडून पैसे वसूल करायचे. काउंटरच्या दृष्टीने वेटर हाच गिऱ्हाईक. यामुळे मालकाचा हिशेब दर फेरीला चुकता होई आणि जोखीम मात्र सगळी वेटरवर येई. ग्लास सांडला, एखादे पेय चुकीचे आले, गर्दीत कुणी पैसे न देता उठून गेला, तर नुकसान त्याचे. त्याची कमाई ठरीव मजुरीच्या जोडीला टिपवर अवलंबून असे. गिऱ्हाईक पैसे देताना ‘त्यात तुझाही एक घे’ म्हणे. वेटर तेवढ्या पेयाची किंमत ठेवून घेई, कारण प्रत्येक टेबलाचा आग्रह त्याने खरोखर पिऊन स्वीकारला असता तर नऊ वाजेपर्यंत त्याला ट्रे धरता आला नसता.

त्यात पुन्हा हिशेब जुन्या चलनातला. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान पद्धत येईपर्यंत बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड होता. समजा, एका टेबलाने एक शिलिंग चार पेन्सला एक याप्रमाणे तीन पिंट माइल्ड बिअर, नऊ पेन्सला एक याप्रमाणे दोन अर्धे पिंट बिटर आणि एक शिलिंग आठ पेन्सची स्टाउटची एक बाटली मागवली. त्याचे सात शिलिंग दोन पेन्स होतात आणि दहा शिलिंगांची नोट दिली तर दोन शिलिंग दहा पेन्स परत करायचे. आपल्याकडे आणे-पैचे हिशेब ज्यांनी केले आहेत त्यांना यातली खुबी लगेच कळेल. हे गणित वेटर पियानोच्या आणि गाण्याच्या गोंगाटात, एका हातात ट्रे तोलून, ओळीने चार-पाच टेबलांसाठी करत असे आणि कोणत्या टेबलावर आता कुणाची पाळी आहे, हेही त्याच्या ध्यानात असे. अशा कामाला कौशल्याची नोकरी म्हणायला कुणी तयार नव्हते. माझ्या मते ते कौशल्यच होते.

टेबलावर जाणारी पेयेही त्या मुलखाची होती. सर्वांत जास्त खपे ती माइल्ड : गडद रंगाची, कमी कडू, तुलनेने हलकी आणि स्वस्त बिअर. भट्टीपाशी किंवा खाणीत आठ तास घाम गाळून आलेला माणूस ती तहान भागवण्यासाठी पिई. बिटर थोडी महाग, म्हणून बेस्ट रूममध्ये तिचे प्रमाण अधिक. उत्तरेत अर्ध्या पिंटाला ‘जिल’ म्हणण्याची रीत होती आणि बायका बहुधा तेवढेच मागवत. त्यांच्यासाठी गोडसर मिल्क स्टाउट, लेमनेड घातलेली पोर्ट वाइन आणि १९५० च्या दशकापासून बेबीचॅम हे नाशपातीच्या रसापासून केलेले फेसाळ पेय असे. वेटरखेरीज खोल्याखोल्यांतून फिरणारे आणखीही लोक असत. पांढरा कोट घालून टोपलीतून शिंपल्या आणि झिंगे विकणारा माणूस शनिवारी रात्री एका पबमधून दुसऱ्यात जाई आणि मद्यपानाला कट्टर विरोध असलेल्या साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संघटनेचे स्वयंसेवक आपले साप्ताहिक विकायला त्याच खोल्यांत येत. पिणारी मंडळी ते आदराने विकत घेत.

या सगळ्या धावपळीला घड्याळाची वेसण होती आणि ती पहिल्या महायुद्धाने घातली होती. दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार पिऊन कामाला दांड्या मारतात, या चिंतेतून १९१५ पासून पबच्या वेळा कडक केल्या गेल्या आणि १९२१ च्या कायद्याने त्या कायमच्या झाल्या. लंडनबाहेर साधारणपणे दिवसाला आठ तास, तेही मध्ये दुपारी सक्तीची विश्रांती ठेवून. नक्की वेळा स्थानिक न्यायाधीश ठरवत, त्यामुळे शेजारशेजारच्या गावांत अर्ध्या तासाचा फरक असे आणि एका गावातला पब बंद झाला की हद्द ओलांडून दुसऱ्या गावात जाणारेही होते. पब बंद होण्याच्या वेळेनंतर विकणेच नव्हे, तर पिणेही गुन्हा होता; हातातला ग्लास संपवण्यासाठी दहा मिनिटांची सवलत मिळाली ती १९६१ च्या कायद्याने. त्याआधीच्या काळात शेवटची पंधरा मिनिटे वेटरची सत्त्वपरीक्षा पाहत. सगळ्या खोल्यांतल्या घंटा एकदम वाजत, प्रत्येक टेबलाला शेवटची फेरी हवी असे आणि मालक मात्र परवाना धोक्यात येऊ नये म्हणून घड्याळाकडे डोळे लावून असे. काउंटरच्या नळांवर टॉवेल टाकले जात आणि मग त्याच वेटरला भरलेले ग्लास लोकांच्या हातून काढून घ्यावे लागत. सबंध संध्याकाळ ज्यांचे आर्जव केले त्यांनाच बाहेर काढायचे आणि तेही असे की पुढच्या शनिवारी ते परत आले पाहिजेत.

मग हे सगळे मोडले कसे? याचे एकच कारण सांगता येणार नाही, पण काही कारणे ठळक आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत कामाला लागलेल्या, स्वतःचे पैसे मिळवणाऱ्या बायका अधिक मोकळेपणाने पबमध्ये जाऊ लागल्या आणि पुरुषांच्या खोल्या व बायकांच्या खोल्या यांतली सीमारेषा पुसट होऊ लागली. १९५० आणि १९६० च्या दशकांत जुन्या कामगारवस्त्या पाडून लोकांना शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत हलवण्यात आले. वस्त्यांबरोबर त्यांचे कोपऱ्याकोपऱ्यावरचे पबही गेले. जे उरले ते चालवणाऱ्या कंपन्यांना वेटरची मजुरी आणि चार खोल्यांच्या चार शेकोट्या परवडेनाशा झाल्या. मधल्या भिंती काढून एक मोठे दालन केले की एकाच काउंटरवरून सगळ्यांना पेये देता येतात आणि मालकाची नजरही सगळीकडे राहते. दरांतला तो पेनीचा फरक ठेवायला मग जागाच उरली नाही. टेलिव्हिजनवरच्या ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या मँचेस्टरच्या मालिकेत ९ डिसेंबर १९६० पासून दिसणाऱ्या ‘रोव्हर्स रिटर्न’ या काल्पनिक पबलाही स्नग होता, तिथे तीन म्हाताऱ्या बायका मिल्क स्टाउट घेऊन बसत. १९८६ साली कथानकात त्या पबला आग लागली आणि पुन्हा बांधताना त्यातल्याही खोल्या एक करण्यात आल्या. खऱ्या पबांत जे घडून गेले होते त्याची नोंद मालिकेने एका पिढीनंतर घेतली.

वेटर काही काळ कामगारांच्या क्लबांत टिकून राहिला. १८६२ साली हेन्री सॉली या धर्मोपदेशकाने स्थापन केलेल्या क्लब संघटनेचा मूळ हेतू कामगारांना दारूपासून दूर ठेवण्याचा होता. पुढे सभासदांच्या आग्रहाने बिअर आली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला संघटनेत चार हजारांच्या आसपास क्लब होते. तिथल्या मोठ्या सभागृहात रंगमंचावर गायक असे, मध्ये बिंगो चाले आणि पुरुष, बायका, सासू-सासरे असे सगळे कुटुंब लांब टेबलांशी बसे. कार्यक्रम चालू असताना शे-दोनशे माणसे उठून काउंटरवर गेली तर गोंधळ होणार, म्हणून ट्रे घेतलेले वेटर तिथे हवेच होते. बायका मात्र या क्लबांत पाहुण्या म्हणूनच वावरत. १९७८ साली वेकफील्डच्या एका क्लबमध्ये स्नूकर खेळायला मनाई झालेल्या शीला कॅपस्टिक यांनी समान हक्कांची मोहीम सुरू केली आणि संघटनेने बायकांना बरोबरीचे सभासदत्व द्यायला २००७ साल उजाडावे लागले.

जुन्या पबची आठवण काढणारी माणसे खोटे बोलत नाहीत. त्या बेस्ट रूममध्ये ऊब होती, ओळखीची माणसे होती आणि आपल्याला काय लागते हे न सांगता ओळखणारा वेटर होता. पण ती ऊब ज्या भिंतींनी धरून ठेवली होती, त्याच भिंतींनी कामाच्या कपड्यांतल्या माणसाला व्हॉल्टमध्ये आणि म्हातारीला स्नगमध्ये ठेवले होते. १९६५ च्या कायद्यापर्यंत तर त्वचेच्या रंगावरून एखाद्याला पबमध्ये येऊ न देणे बेकायदाही नव्हते आणि लिंगावरून नाकारणे बेकायदा ठरले ते १९७५ मध्ये. एखादी खोली कुणासाठी आहे हे ठरवण्यात ती कुणासाठी नाही हेही ठरतेच आणि हे दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय त्या पबचे वर्णन पूर्ण होत नाही.

यातल्या काही खोल्या वाचल्या आहेत. १९७१ साली पिंपातल्या खऱ्या बिअरसाठी सुरू झालेल्या ‘कॅमरा’ या ग्राहक चळवळीने पुढे जुन्या पबांच्या अंतर्भागांच्या याद्या केल्या आणि त्यामुळे अनेकांना वारसा म्हणून संरक्षण मिळाले. लिव्हरपूलचा ‘फिलहार्मोनिक’ हा पब २०२० साली सर्वोच्च श्रेणीत गेला. लीड्सच्या हन्सलेट भागातला ‘गार्डन गेट’ हा विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा, रंगीत फरशांचा पब खोल्यांच्या जुन्या रचनेसह उभा आहे. उत्तर इंग्लंडमध्ये अशा एखाद्या पबमध्ये गेलात तर आधी बोळात उभे राहून प्रत्येक खोलीचे दार आणि त्यावरच्या काचेत कोरलेले नाव पाहा, मग आसनाच्या पाठीवरची लाकडी पट्टी बारकाईने तपासा. पितळेचे किंवा चिनीमातीचे वाटोळे बटण बहुतेक ठिकाणी अजून जागेवर असते, मात्र त्याची तार तुटलेली असते. लिव्हरपूलजवळच्या वॉटर्लू इथल्या ‘व्हॉलंटिअर कॅन्टीन’ या छोट्या पबने मात्र टेबलावर पेय आणून देण्याची रीत इतर ठिकाणी ती संपल्यानंतरही पुढे चालू ठेवली आणि आज त्याची ख्याती प्रामुख्याने त्यासाठीच आहे.